आतल्या खोलीचा ताबा

१

मेक्सिको शहराजवळ तळ्याकाठी वसलेल्या कुल्वाकानच्या त्या घरात शोकोची सकाळ एकदा जशी लागली, तशीच पुढे चालू राहिली. मठाची घंटा झाली की उठायचं, अंगण झाडायचं, तळ्याकडचं दार उघडून गारवा आत घ्यायचा, नेकावाल मावशीनं केलेली मक्याची पेज उभ्याउभ्याच प्यायची, आणि ऊन अंगणात उतरलं की भिंतीला पाठ टेकून सूत कातायला बसायचं. एका हातात कापसाचा पेळू, दुसऱ्या हाताच्या बोटांत टकळी, आणि टकळीचं टोक मातीच्या वाटीत. टकळी फिरू लागली की वाटीतून बारीक घुरघुर निघायची. सकाळचा सगळा वेळ त्या आवाजावर तरंगत जायचा.

कागदोपत्री ती दोन्या मागदालेना, म्हणजे मागदालेनाबाई. पण चार भावंडांत ती शेंडेफळ, आणि तिच्या लोकांत धाकट्या मुलीला शोकोच म्हणतात. नवरा तीन वर्षांपूर्वी साथीत गेला होता. मूलबाळ नव्हतं. चाल्कोला सासरच्या घरी एका कोपऱ्यात ती दिवस काढत होती, तेव्हा निरोप आला की कुल्वाकानची आत्या वारली, आणि जाताना घर आणि तळ्यात भराव घालून केलेले शेतीचे अकरा वाफे तुझ्या नावानं लिहून गेली. त्या घराचा वारसा असाच चालत आलेला, बाईकडून बाईकडे. शोको आली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला कोणी विचारलं नाही की आज तू कुठे निजणार.

अंगणाच्या तीन बाजूंना तीन खोल्या होत्या. एक स्वयंपाकाची, एक निजायची, आणि समोर आत्याची. आत्याच्या खोलीचं दारही अंगणातच उघडायचं, पण तिला सगळे आतली खोली म्हणत. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, आणि दार इतकं ठेंगणं की शोकोलाही वाकून जावं लागे. आत ओल येत नसे, म्हणून कापसाची टोपली तिथे ठेवलेली. शोको सकाळी दिवसाचा कापूस घेऊन येई आणि संध्याकाळी सूत उतरवून झालेली रिकामी टकळी परत टोपलीत टाकून देई.

येऊन तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी तिनं टोपलीत हात घातला, तर टकळी रिकामी नव्हती. तिच्यावर बोटभर जाड सूत गुंडाळलेलं होतं. घट्ट, एकसारखं, केसासारखं बारीक. इतकं बारीक सूत शोकोला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

काल उतरवायचं राहिलं असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि कातताना आपलं लक्ष नसलं की हात बरा चालतो, असंही म्हणाली.

२

दुपारी तिनं ते सूत आपल्या सुताबरोबर पिळायला घेतलं, आणि ते जमेना. पीळ बसला की तिचं सूत घट्ट होई आणि ते दुसरं सुटत जाई. शेवटी हातात नुसता कापूस उरला. तिनं एक तुकडा उजेडात धरून नीट पाहिला. पीळ उलटा होता. डावीकडे टकळी फिरवून कातलेलं सूत.

ती स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. नेकावाल मावशी भाकऱ्या थापत होती. ती या घरात आत्याच्याही आधीपासून कामाला होती.

"मावशी, हे सूत तू कातलंस का?"

मावशीनं पिठाचे दोन्ही हात वर करून दाखवले. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी झाली होती. "या बोटांनी? बाई, मला नाकावरची माशी उडवता येत नाही."

"मग कोणी कातलं?"

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली. मान न वळवताच तिनं विचारलं, "डाव्या पिळाचं आहे का?"

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या आत्याबाईंनीही विचारलं होतं. इथंच, याच दारात उभं राहून. मला तेव्हा दात होते."

"मग?"

"मग काय? पुढे विचारायच्या थांबल्या."

"अगं, पण तू काय सांगितलंस त्यांना?"

"जे तुम्हाला सांगतेय तेच. मला माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचं नाही." मावशीनं भाकरी उलटली. "त्या एवढंच करायच्या. आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या, कडी घालायच्या नाहीत. तुम्हीही तसंच करा. आता सरका जरा, उजेड अडवलात. भाकरी करपेल."

शोकोला राग आला. म्हातारी माणसं घरात नवीन आलेल्याला असंच घाबरवतात, हे तिनं सासरी पाहिलं होतं. तिनं ते सूत चुलीत टाकलं. मावशी चुलीपासून जरा मागे सरकून बसली.

३

दोन दिवसांनी शोको वाफ्यांवर गेली होती. राजगिरा कापणीला आला होता आणि कुळं वाट पाहत होती. होडीतून परत येऊन ती अंगणात शिरली, तर आत्याचे धाकटे दीर डॉन लोरेन्सो तिच्याच भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेले. अंगात कास्तीलच्या, म्हणजे स्पेनच्या, पद्धतीचा सदरा, गुडघ्यावर टोपी. गावाच्या पंचांतले एक, आणि ते विसरू न देणारे.

"दमलीस गं पोरी," ते म्हणाले. "ये, बस, विसावा घे."

कुल्वाकानात हे शब्द घरधनी आलेल्या पाहुण्याला म्हणतो. शोकोनं पायांवरचा चिखल झटकला.

"काका, माझ्या तोंडचे शब्द तुम्ही घेतलेत. आता मी काय म्हणू?"

"तू काही म्हणू नकोस. ऐक." त्यांनी टोपी जमिनीवर ठेवली. "आठ दिवसांनी अंमलदार तोमास ताबा द्यायला येणार. ते कसं असतं ठाऊक आहे का तुला?"

"कागद द्यायचा, सही घ्यायची."

"तसं आपल्यात. कास्तीलच्या कायद्यात घर चालून घ्यावं लागतं. अंमलदार तुझा हात धरून तुला एकेका खोलीत नेणार. प्रत्येक दारात तीनदा विचारणार, कोणाची हरकत आहे का. आत नेऊन बसवणार. मग जो कोणी आत असेल त्याला तू बाहेर काढायचं आणि दार लावायचं. झाला ताबा. पण एका जरी दारात कोणी म्हणालं की आहे हरकत, तर प्रकरण मेक्सिको शहरात, मोठ्या न्यायालयात. आणि तोवर घराला कुलूप. तिथे कागद म्हातारे होतात, पोरी. माणसं तर होतातच."

"आणि हरकत कोण घेणार?"

"दोन खोल्यांना माझं काही म्हणणं नाही. पण त्या आतल्या खोलीचं छप्पर माझ्या भावानं घातलंय. स्वतःच्या हातांनी. ज्याचं छप्पर त्याची खोली."

"मग छप्पर उतरवून घेऊन जा ना, काका. पाऊस आला की मी बघेन माझं."

लोरेन्सो मोठ्यानं हसले. त्यांना खरंच मजा वाटली असावी. "जीभ आत्याचीच घेतलीस. वाफे ठेव तुला. घर सोड आणि चाल्कोला परत जा. मी तोंड उघडणार नाही."

"चाल्कोला मला कोण ठेवून घेणार?"

"ते मी कसं सांगू?"

ते उठले, टोपी झटकली आणि अंगण ओलांडून निघाले. आतल्या खोलीवरून जाताना ते थांबले. दार लोटलेलं होतं.

"कामाला आणखी एक बाई ठेवलीस वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"आत कोणीतरी कातत बसलंय."

शोको दाराकडे पाहू लागली. लोरेन्सोंनी खांदे उडवले आणि ते निघून गेले. त्यांची पावलं गल्लीत विरल्यावर तिलाही ऐकू आलं. मातीच्या वाटीत फिरणाऱ्या टकळीची घुरघुर, बारीक, संथ. टकळी पूर्ण भरत आली की येते तशी, जराशी जड.

ती दारापर्यंत गेली तेव्हा आवाज नव्हता.

४

पाण्याकाठच्या गावात आवाज कुठून कुठे जातो याचा भरवसा नसतो. कालव्यापलीकडे एक शेजारीण होती, तीही दिवसभर कातायची. तिचाच आवाज पाण्यावरून येत असेल आणि समोरच्या भिंतीवर आपटून आतून आल्यासारखा वाटत असेल. शोकोला हे पटलं. पटलं म्हणून ती कालवा ओलांडून शेजारणीकडे गेली. शेजारीण घरी नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला शोचिमिल्कोला जाऊन तिला पंधरा दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोको मुद्दाम आतल्या खोलीच्या दारासमोर चटई टाकून बसली. मावशी जेवून आडवी झाली होती. ऊन असं होतं की अंगणातली टर्कीही सावलीत चोच मिटून उभी होती. शोकोनं टकळी फिरवली. थोड्या वेळानं तिच्या घुरघुरीखाली दुसरी घुरघुर लागली. एकीनं गाणं म्हणावं आणि दुसरीनं घरकाम करता करता खालच्या आवाजात साथ द्यावी, तशी.

शोको थांबली. आतला आवाजही थांबला. पण लगेच नाही. एक फेरा जास्त घेऊन थांबला.

तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी ती फार वेळ थांबून राहिली. कोणीतरी तिच्यासारखंच कान देऊन बसलंय, हे तिला नीट कळलं. ते कळल्यावर भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो संकोच. दुसऱ्याच्या घरी हाक न मारता आत शिरल्यावर वाटतो, तसा.

ती उठली आणि वाकून आत गेली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उंबऱ्याशी उभी राहिली. कापसाची टोपली. आत्याची पेटी. भिंतीच्या कडेनं गुंडाळून ठेवलेल्या चटया. कोपऱ्यात लव्हाळ्याचं, पाठ टेकायचं आसन. मातीची वाटी कुठेच नव्हती. दुसरं कोणी नव्हतं. फक्त ते लव्हाळ्याचं आसन हळूहळू कुरकुरत होतं. बसलेलं माणूस उठून गेलं की दबलेली लव्हाळी मोकळी होताना कुरकुरतात, अगदी तेवढंच. मग तेही थांबलं.

शोको बाहेर आली आणि दार लोटून घेतलं. कडी घातली नाही.

त्या आठवड्यात तिनं दोनदा गाठोडं बांधलं आणि दोनदा सोडलं. इथे काय आहे ते तिला कळत नव्हतं. चाल्कोचा कोपरा मात्र तिला पुरता कळला होता. तिथे परत जायचं नाही एवढं तिचं ठरलं होतं. लोरेन्सोंनी हरकत घेतली तर मात्र ते तिच्या हातात राहणार नव्हतं.

५

ताब्याच्या दिवशी सकाळी अंगण भरलं. अंमलदार तोमास काठी घेऊन आला. हा आत्याच्या ओळखीतला, जाडजूड, बोलायला हळुवार. बरोबर कारकून मातेओ. तो गेल्याच वर्षी दुसऱ्या गावाहून बदलून आला होता, त्यामुळे कोणालाच ओळखत नव्हता आणि सगळ्यांची नावं विचारत होता. चार शेजारी साक्षीला. आणि लोरेन्सो, इस्त्री केल्यासारखे ताठ.

"बाई, घाबरू नका," तोमास म्हणाला. "मी हात धरतो, तुम्ही चालायचं. सगळं झालं की मी विचारीन, ताबा मिळाला का. तुम्ही तोंडानं म्हणायचं, मिळाला. मातेओ ते लिहून घेईल. ते शब्द लिहिले गेले की मग खुद्द राजालाही ते खोडता येत नाहीत."

स्वयंपाकाची खोली झाली. निजायची खोली झाली. तोमासनं तीन-तीनदा विचारलं, कोणी बोललं नाही. शोकोनं प्रत्येक खोलीत खाली बसून घेतलं, उठली, मावशीला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. दुसऱ्यांदा बाहेर काढल्यावर मावशी म्हणाली, "आता मला एकदाचं कुठंतरी राहू द्या," आणि शेजारी हसले.

आतल्या खोलीपाशी आल्यावर लोरेन्सो पुढे झाले.

"मी बाहेरून ओरडणार नाही," ते म्हणाले. "मी माझ्या भावाच्या छपराखाली बसून हरकत घेणार. तुम्ही विचारा, मी आतून उत्तर देतो. लिहून घ्या तसं."

"घ्या आसन," तोमास म्हणाला.

लोरेन्सोंनी टोपी काढली, वाकले आणि आत गेले. दार त्यांच्यामागे अर्धवट लोटलं गेलं.

"या खोलीचा ताबा दोन्या मागदालेना यांना देण्यास कोणाची हरकत आहे का?" तोमासनं विचारलं.

आतून काही आलं नाही. मातेओ लेखणी उचलून थांबला होता.

"कोणाची हरकत आहे का?"

टर्की अंगणातून चालत गेली. कोणीतरी खोकलं.

"डॉन लोरेन्सो, तिसऱ्यांदा विचारतोय. हरकत आहे का?"

दार उघडलं. लोरेन्सो वाकून बाहेर आले आणि वाकलेलेच राहिले, मोठ्या माणसांसमोरून मागे सरताना वाकतात तसे. चार पावलं मागे आल्यावर ते सरळ झाले. चेहरा पांढरा पडलेला नव्हता. उलट तो फार शांत होता. धाकट्या मुलाला चारचौघांत गप्प बसवल्यावर तो होतो तसा.

"माझी काही हरकत नाही," ते म्हणाले.

"नाही?" तोमासनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही म्हटलं ना. लिहा."

टोपी छातीशी धरून ते निघाले. शोकोजवळ येऊन थांबले. तिच्याकडे न पाहता, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "घरात वडीलधारी माणसं आहेत, हे मला आधी सांगायला हवं होतंस. त्या दिवशी मी अंगणात पाय पसरून बसलो होतो."

"काका, आत कोण आहे?"

ते चालू लागले. टोपी त्यांनी गल्लीत गेल्यावरच डोक्यावर ठेवली.

६

"चला, देवानं सोपं केलं," तोमास म्हणाला आणि त्यानं शोकोचा हात धरला.

दोघं दाराशी आले. उन्हातून आत पाऊल टाकल्याबरोबर शोकोला काही दिसेना. ती वाकून उंबरा ओलांडताना तोमासची काठी चौकटीत अडकली, त्याचा हात क्षणभर सुटला आणि पुन्हा तिच्या हाताशी आला. ती त्या हाताबरोबर पुढे चालू लागली. तो तिला भिंतीच्या कडेनं घेऊन गेला, हलकेच वळवलं आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवून खाली बसवलं. खाली चटई होती. त्या चटया गुंडाळून ठेवलेल्या असत, हे तिला बसल्यावर आठवलं.

तिच्या हातातला हात कोरडा आणि लहान होता. त्याच्या बोटांच्या पेरांना घट्टे होते.

"बसलात का, बाई?" तोमासनं विचारलं.

आवाज दारातून आला. शोकोनं तिकडे पाहिलं. ठेंगण्या चौकटीत तोमासची जाड पाठ होती. तो आत आलाच नव्हता. दाराकडे पाठ करून, अडकलेली काठी दोन्ही हातांनी सोडवत होता.

"बसले," शोको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला.

"छान. आता आत कोणी असेल त्याला बाहेर काढा. मोठ्यानं म्हणा. रीत आहे."

हात तिच्या हातात तसाच होता. दाबत नव्हता, ओढत नव्हता. वाट पाहत होता. शोकोला तेव्हा समजलं, की आत्यालाही कधीतरी असंच इथे बसवलं असणार, आणि कोणीतरी दारातून तिलाही हेच म्हणायला सांगितलं असणार. बाहेर व्हा. दोन शब्द. ते म्हणायचे, की मग घर आपलं एकटीचं. पण आजवर ज्या मोठ्या माणसांनी तिला हाताला धरून बसवलं, त्यांना उठून जा म्हणायला तिची जीभ कधी वळली नव्हती. ती आताही वळली नाही.

"आत कोणी नाही," ती म्हणाली.

बोटं एकेक करून सुटली. त्याच वेळी तोमासची काठी निघाली, तो बाजूला झाला आणि उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली. ती फार आत येत नव्हती. भिंतीलगत ओळीनं मांडलेल्या चटया तिला दिसल्या. चटयांवर दुमडून बसलेले गुडघे, त्यांवर नीट ओढून घेतलेली लुगडी. एकाशेजारी एक. तिच्या गुडघ्याला लागून जो गुडघा होता, त्याच्यावरच्या लुगड्याचा काठ तिनं ओळखला. ते लुगडं आत्याचं होतं, आणि तेच नेसवून तिला पुरल्याचं मावशीनं सांगितलं होतं. रांगेच्या शेवटी, दाराच्या बाजूला, जी एक जागा मोकळी असणार होती, तिथे ती स्वतः बसली होती.

तिनं वर पाहिलं नाही. ती उठली, वाकली आणि उन्हात आली.

"थांबा, दार लावू नका," मातेओ म्हणाला. "खोलीत काय काय आहे ते टिपून घेतो." तो दारात गेला, मान आत घातली, ओठ हलवत काहीतरी मोजलं, आदरानं मान लववली आणि परत आला.

मग शोकोनं दाराला हात घातला. दार जड होतं. तिनं ते ओढलं, आणि अर्ध्यावर आल्यावर ते हलकं झालं. आतून कोणीतरी तिला मदत करत होतं.

७

कागद अंगणातच लिहिला गेला. मावशीनं सगळ्यांना पेज दिली. मातेओ मांडीवर फळी घेऊन भरभर लिहीत होता. साक्षीदारांची नावं झाली.

"आता आतल्या बायकांची नावं सांगा," तो म्हणाला.

"कोणत्या बायकांची?" तोमासनं विचारलं.

"आत बसल्यात त्या. घरच्या बायकांनी हजर असून हरकत घेतली नाही, असं लिहिलं की कागद आणखी पक्का होतो. चांगल्या घरच्या दिसतात. एकीनंही मान वर केली नाही. पाच आहेत."

तोमासनं शोकोकडे पाहिलं. शोकोनं मावशीकडे. मावशीनं पेजेचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि भाजीवालीला भाज्या सांगाव्या तशा सपाट आवाजात सांगू लागली, "पापान. मोसेल. त्लाको. तेयाकापान."

तोमासच्या कपाळाला काही आठी पडली नाही. थोरल्या मुलीला तेयाकापान आणि मधलीला त्लाको म्हणतात. कुल्वाकानात दर दुसऱ्या घरात एक तेयाकापान आहे. शोकोची आत्याही सहा भावंडांत थोरली होती.

"चार झाल्या," मातेओ म्हणाला. "पाचवी?"

"चारच आहेत," मावशी म्हणाली.

"पाच. मी दोनदा मोजल्या. शेवटची दाराशीच बसलीय, सगळ्यांत तरुण." त्यानं लेखणी शोकोकडे रोखली. "तुमची बहीण असेल. तोंडवळा तोच."

मावशीनं शोकोकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे, जमिनीवर पडलेल्या तिच्या सावलीकडे, आणि पुन्हा तोंडाकडे. तिच्या डोळ्यांत शोकोला पहिल्यांदाच भीती दिसली.

"तुम्ही बाहेर आलात ना, बाई?" तिनं हळूच विचारलं. "नीट आलात ना?"

"मावशी, काय बोलतेयस?"

"नाव?" मातेओ म्हणाला. "ऊन चढतंय."

"शोको," मावशी म्हणाली. "शेवटचीचं नाव शोको."

"तुमचंच?" मातेओनं शोकोला विचारलं. मग स्वतःच हसला. "बरोबर. धाकट्या सगळ्या शोकोच." त्यानं लिहिलं, वाळू टाकली, फुंकली.

तोमास उठून उभा राहिला. त्यानं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दोन्या मागदालेना, आपल्याला या घराचा ताबा शांतपणे, कोणाच्या हरकतीवाचून मिळाला का?"

शोको आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून उभी होती. तळ्याकडचं दार उघडं होतं, कालव्यात तिची होडी होती, आणि चाल्कोचा तो कोपरा एकाएकी तिला फार दूरचा आणि फार सुरक्षित वाटला. थांबा, माझीच हरकत आहे, असं तिला म्हणायचं होतं. तिनं श्वास घेतला. ओठ उघडले.

"मिळाला," तिच्या पाठीमागून, बंद दाराआडून, तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं.

मातेओनं मान वर न करता ते लिहून घेतलं.